सत्तरीचं कार्ड, साठीची शिधापत्रिका

आपल्याकडे माणूस ज्येष्ठ कधी होतो? बँकेला विचारा, ती साठाव्या वर्षी मुदत ठेवीवर जास्त व्याज देते. एसटीला विचारा, तिथे पासष्टीपासून अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरीनंतर प्रवास मोफत. आयकर खातं साठीला ज्येष्ठ मानतं आणि ऐंशीला अतिज्येष्ठ. आयुष्मान भारतच्या दारात मात्र सत्तर पूर्ण व्हावी लागतात, आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेला वयाशी काही देणंघेणं नाही, तिला शिधापत्रिका हवी. एकाच घरातल्या आजोबांना एक दार उघडं आणि आजींना दुसरं, असं सर्रास होतं.

घराघरांत पेन्शनची फाइल नीट लावलेली असते, घरपट्टीच्या पावत्या वर्षवार असतात. पण आपल्याला दवाखान्यात दाखल व्हावं लागलं तर सरकार कुठल्या कागदावर खर्च उचलणार आहे, हे विचारलं की बहुतेक घरं गप्प होतात. हक्क जवळपास प्रत्येकाला कुठला ना कुठला आहे. कार्ड काढलेलं नसतं, एवढंच. म्हणून ही सगळी दारं एकदा फिरून पाहू. काही ठिकाणी गंमत आहे, काही ठिकाणी इतिहास आहे, आणि पैसे तर सगळीकडेच आहेत.

१ जूनला जन्मलेली पिढी

आजी-आजोबांच्या पिढीत १ जूनला जन्मलेल्यांची संख्या विलक्षण आहे. कारण सगळ्यांना ठाऊक आहे. शाळा जूनमध्ये भरायची, घरात जन्मतारीख कुणी लिहून ठेवलेली नसायची, आणि पोराला पहिलीत घालायचं तर वय बसवायला हवं. गुरुजी पोराकडे बघून अंदाजाने साल धरायचे आणि पटावर १ जून टाकून मोकळे व्हायचे. तीच तारीख शाळेच्या दाखल्यावर गेली, तिथून सेवापुस्तकात आणि शेवटी आधार कार्डावर.

सत्तरी पार केलेल्यांसाठीच्या आयुष्मान वय वंदना कार्डाला वयाचा पुरावा म्हणून आधारवरचंच वय धरतात. म्हणजे सहा दशकांपूर्वी एका गुरुजींनी अंदाजाने टाकलेल्या तारखेवर आज पाच लाखांच्या संरक्षणाचा पहिला दिवस ठरतो. ज्यांच्या आधारवर वय कमी लागलं आहे आणि खरी तारीख दाखवणारा कागद हाताशी आहे, त्यांनी दुरुस्ती आत्ताच करून घ्यावी. दाखल होताना आधार केंद्राच्या रांगेत उभं राहायला घरातलं कुणी मोकळं नसतं.

दहा वर्षांत तीस हजारांवरून पाच लाख

२००८ मध्ये राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली तेव्हा गरीब कुटुंबाला वर्षाला ३०,००० रुपयांचं संरक्षण होतं आणि नोंदणीसाठी ३० रुपये भरायचे होते. २०१६ मध्ये त्याच योजनेत साठीपुढच्या माणसांसाठी आणखी ३०,००० रुपयांची भर घालण्यात आली. मोठ्या शस्त्रक्रियेपुढे ही रक्कम तोकडीच होती, पण म्हाताऱ्या माणसाला वेगळं संरक्षण लागतं हे सरकारी कागदावर तेव्हा उमटलं.

२३ सप्टेंबर २०१८ रोजी रांचीत आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेची सुरुवात झाली आणि आकडा थेट कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांवर गेला. तेव्हा २०११ च्या सामाजिक, आर्थिक आणि जात जनगणनेच्या यादीत नाव असलं तरच लाभ मिळत होता. सहा वर्षांनी, २९ ऑक्टोबर २०२४ ला, सत्तर किंवा त्याहून जास्त वयाच्या सगळ्यांसाठी योजना खुली झाली. उत्पन्न कितीही असो, बंगला असो वा झोपडी. दिवस धनत्रयोदशीचा होता, म्हणजे धन्वंतरी जयंतीचा. देशभरातल्या सुमारे साडेचार कोटी कुटुंबांतले सहा कोटी ज्येष्ठ या विस्तारात येतात, असा सरकारचा अंदाज होता.

यातली सगळ्यात मोठी गोष्ट पैशांची नाही. खासगी विमा कंपनीच्या दारात सत्तरीच्या माणसाला पहिला प्रश्न असतो: मधुमेह आहे? रक्तदाब आहे? पूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे? मग जुन्या आजारांसाठी दोन-तीन वर्षं थांबा असं सांगतात. इथे वैद्यकीय तपासणी नाही आणि थांबणंही नाही. कार्ड मिळालं त्या दिवसापासून जुने आजार धरलेले आहेत. सत्तरीच्या देहाला जुना आजार नसणं हाच अपवाद आहे, त्यामुळे हे कलम मला पाच लाखांच्या आकड्यापेक्षा मोठं वाटतं.

पाच लाख, पण कुणाकुणात?

गोंधळ इथे सगळ्यात जास्त होतो, म्हणून जरा सावकाश पाहू.

आई आणि बाबा दोघंही सत्तरीपुढचे असतील तर कार्डं दोन निघतात, प्रत्येकाचं स्वतंत्र. पाच लाख मात्र दोघांत मिळून. बाबांच्या बायपासला तीन लाख गेले तर त्या वर्षी आईसाठी दोन उरतात. पुढच्या वर्षी पुन्हा पूर्ण पाच लाख.

घर आधीपासूनच आयुष्मान यादीत असेल तर काय? मग सत्तरीपुढच्यांना आणखी ५ लाख वेगळे मिळतात आणि त्यात घरातल्या तरुणांचा वाटा नसतो. नातवाच्या ऑपरेशनला जुनं पाच लाखांचं संरक्षण वापरलं गेलं, तरी आजीचं स्वतःचं शिल्लक राहतं.

खासगी मेडिक्लेम पॉलिसी असली तरी वय वंदना कार्ड काढता येतं. कामगार विमा योजनेत असलात तरीही काढता येतं. केंद्र सरकारची सीजीएचएस आणि माजी सैनिकांची ईसीएचएस यांत असणाऱ्यांना मात्र दोन्हींपैकी एकच निवडायचं असतं. त्यांनी घाई करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्याचं कारण पुढे येतंच.

आता काय मिळत नाही ते. बाह्यरुग्ण तपासणी, म्हणजे ओपीडी, यात नाही. दर महिन्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या नाहीत, नुसती सोनोग्राफी करून घ्यायची तर तीही नाही. योजना दाखल होण्यासाठी आहे. दाखल होण्याआधीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस यांचा तपासण्या-औषधांचा खर्च मात्र त्यात धरलेला असतो. हे पंधरा दिवस घरच्यांना माहीतच नसतात आणि डिस्चार्जनंतरची औषधं लोक खिशातून घेत बसतात.

यादीत १,९६१ उपचार आहेत, २७ वैद्यकीय शाखांमधले. ज्येष्ठांना नेहमी लागणारे जवळपास सगळे त्यात सापडतात: अँजिओप्लास्टी, मोतीबिंदू, खुब्याचं हाड मोडल्यावरची शस्त्रक्रिया, गुडघ्याचं प्रत्यारोपण, पित्ताशय, प्रोस्टेट, पक्षाघात, डायलिसिस.

दोन कार्डं, एकच गैरसमज

पाकिटातून कार्ड काढून आजोबा अभिमानाने सांगतात, ‘माझं आयुष्मान झालंय.’ बघावं तर त्यावर १४ आकडी क्रमांक आणि वर आभा लिहिलेलं. आभा ही आरोग्याची ओळखसंख्या आहे. तुमचे रिपोर्ट, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या एका जागी जोडून ठेवायला ती उपयोगी पडते. त्यावर एक रुपयाचाही विमा नाही. नावातल्या आयुष्मानमुळे घोटाळा होतो आणि तो उघडकीला येतो थेट रुग्णालयाच्या खिडकीवर. आज घरी गेल्यावर आई-वडिलांचं कार्ड हातात घेऊन एवढं एक पाहाच.

वय वंदना कार्ड काढायला आधार पुरतं. आयुष्मान ॲपवर घरबसल्या होतं, नाहीतर जवळच्या सीएससी केंद्रात किंवा योजनेतल्या रुग्णालयात. शेतात राबलेल्या आणि जन्मभर भांडी घासलेल्या हातांचे ठसे यंत्राला उमटत नाहीत, ही आपल्या ज्येष्ठांची नेहमीची अडचण. त्यासाठी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येणारा ओटीपी, डोळ्यांचं स्कॅन किंवा चेहऱ्यावरून ओळख, असे मार्ग आहेत. आधारला जोडलेला मोबाइल नंबर दहा वर्षांपूर्वी बंद झालेला असेल तर तो आधी बदला.

ज्यांच्या नावाची योजना, त्यांचं आजारपण

महाराष्ट्राच्या योजनेला महात्मा जोतीराव फुले यांचं नाव आहे. ते किती योग्य आहे हे कळायला त्यांची शेवटची दोन वर्षं आठवावी लागतात. मे १८८८ मध्ये मुंबईत मांडवी कोळीवाड्यातल्या सभेत त्यांना महात्मा ही पदवी दिली गेली. त्यानंतर दोनच महिन्यांत, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी त्यांच्यावर उपचार केले. उजवा हात चालेना म्हणून त्यांनी डाव्या हाताने लिहून ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पूर्ण केलं. ते छापून आलं १८९१ मध्ये, त्यांच्या निधनानंतर.

जोतीराव कंत्राटदार होते, एके काळी त्यांनी चांगले पैसे मिळवले होते. ते समाजकार्यात गेले आणि जे उरलं ते आजारपणात. अखेर त्यांचे स्नेही मामा परमानंद यांना बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांकडे मदतीसाठी शब्द टाकावा लागला. ज्या माणसाने पुण्यात मुलींची शाळा काढली, त्याच्या औषधपाण्यासाठी मित्राला राजाला पत्र लिहावं लागलं. महात्मा फुले योजनेत आज पक्षाघाताचा उपचार होतो आणि त्यासाठी कुठल्याही राजाकडे अर्ज करावा लागत नाही, याचं मला मोल वाटतं.

योजनेचा स्वतःचा प्रवासही थोडक्यात सांगते. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली: गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड, मुंबई शहर आणि मुंबई उपनगर. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये ती राज्यभर गेली, २०१७ मध्ये फुल्यांचं नाव लागलं आणि २०२० मध्ये आयुष्मान भारतशी सांधा जुळला. संरक्षण तेव्हा दीड लाखाचं होतं.

पांढऱ्या कार्डाला पुन्हा मान

शुभ्र शिधापत्रिका म्हणजे घरातला सगळ्यात निरुपयोगी कागद, अशी मध्यमवर्गाची समजूत होती. त्यावर धान्य नाही, साखर नाही. अनेकांनी ती पत्त्याच्या पुराव्यापुरती ठेवली आणि पासपोर्ट निघाल्यावर ट्रंकेत टाकली. योजनेच्या पहिल्या काही वर्षांत पिवळ्या आणि केशरी कार्डाचंच राज्य होतं. पांढरं कार्ड चालायचं ते फक्त मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा अशा चौदा जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांचं.

जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने हे सगळं बदललं आणि १ जुलै २०२४ पासून अंमल सुरू झाला. आता पिवळी, केशरी, पांढरी, कुठल्याही रंगाची शिधापत्रिका असलेलं महाराष्ट्रातलं कुटुंब योजनेत आहे आणि संरक्षण वर्षाला ५ लाखांचं आहे. उपचारांची संख्या ९९६ वरून १,३५६ वर गेली आणि नंतर यादी आणखी वाढवण्यात आली.

साठ ते सत्तर या दशकातल्या माणसांसाठी हे सोनं आहे. नोकरीतला मेडिक्लेम निवृत्तीच्या दिवशी संपतो, वय वंदनाला दहा वर्षं अवकाश असतो, आणि याच दहा वर्षांत गुडघे, डोळे आणि हृदय तक्रारी सुरू करतात. तेव्हा ट्रंक उघडा. कार्ड ऑनलाइन नोंदलेलं आहे का, त्यावर १२ आकडी क्रमांक आहे का, आईचं नाव मुलाच्या कार्डावर आहे की गावाकडच्या जुन्या कार्डावरच राहिलंय, हे तपासा. सुनेचं नाव घालायचं लक्षात राहतं, पण गावाहून राहायला आलेल्या सासूबाईंचं मात्र राहून जातं. पुरवठा कार्यालयाची एक चक्कर याला पुरते.

सीमाभागातल्या मराठी माणसांसाठी एक ओळ: कर्नाटकातल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषकांनाही ही योजना लागू करण्याचा निर्णय महाराष्ट्राने २०२३ मध्ये घेतला.

परतीचं एसटीचं भाडंसुद्धा

महात्मा फुले योजनेच्या पॅकेजमध्ये खाटेचं भाडं, डॉक्टरांची फी, तपासण्या, औषधं, शस्त्रक्रियेत बसवलेला स्टेंट किंवा सांधा हे तर आहेच. रुग्णाचं जेवणही आहे. आणि घरी सोडताना एकदाचं परतीचं भाडंही आहे, एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं. ज्याने कुणी हे कलम लिहिलं त्याने धडगावहून किंवा भामरागडहून आलेला रुग्ण डोळ्यांसमोर ठेवला असणार. रक्कम छोटी आहे, पण ती मागायचा संकोच करू नका.

योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र नावाची व्यक्ती बसते. आधी रिसेप्शनच्या काउंटरवर जायचं आणि अनामत भरून मग योजनेची चौकशी करायची, हा क्रम उलटा आहे. पहिल्यांदा आरोग्यमित्र गाठायचा, कागद दाखवायचे, नोंद करून घ्यायची आणि मग बाकीचं. रोख पैसे भरून उपचार झाल्यावर ‘आता योजनेत बसवा’ म्हणून गेलात तर हाती काही लागत नाही, कारण योजना कॅशलेस आहे आणि मंजुरी आधी लागते.

आणखी एक प्रश्न विचारायला विसरू नका: ‘या आजारासाठी तुमचं रुग्णालय योजनेत आहे का?’ पाटीवर योजनेचं नाव असतं, पण एखादं रुग्णालय हाडांसाठी योजनेत असतं आणि हृदयासाठी नसतं. फोनवर एवढं एक वाक्य विचारलं तर अ‍ॅम्ब्युलन्सची एक फेरी वाचते.

एकशेवीस रुपयांत वर्षभर

चाकण, वाळूज, बुटीबोरी, तारापूर. औद्योगिक वसाहतींत ज्यांचं आयुष्य गेलं त्यांच्या पगारातून ईएसआय कापला जायचा. निवृत्तीनंतर तो दवाखाना संपला, असं बहुतेक धरून चालतात. तो संपत नाही. किमान पाच वर्षं विमाकृत नोकरी करून नियमानुसार निवृत्त झालेल्या कामगाराला आणि त्याच्या जोडीदाराला वर्षाला फक्त १२० रुपये भरून कामगार विम्याचे वैद्यकीय लाभ चालू ठेवता येतात. महिन्याचे १० रुपये. इथे ओपीडी आहे, औषधं आहेत, दाखल होणंही आहे.

पगार वाढला की ईएसआयची मर्यादा ओलांडली जाते, आणि निवृत्तीच्या वेळी आपण योजनेबाहेर होतो म्हणून हक्क गेला, अशी अनेकांची तक्रार होती. २०२४ मध्ये महामंडळाने त्यावर तोड काढली. १ एप्रिल २०१२ नंतर योजनेत असलेले, किमान पाच वर्षं विमाकृत राहिलेले, १ एप्रिल २०१७ किंवा त्यानंतर महिना ३०,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर निवृत्त झालेले कामगारही आता त्यात येतात. या योजनेचा प्रारंभ २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूरमध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते झाला. बीपीओ-मॉलच्या आधीच्या, भोंग्यावर चालणाऱ्या शहरांची ती देणगी आहे, आणि सगळ्यात स्वस्त दारही तिचंच आहे.

केंद्राची पेन्शन असेल तर

सीजीएचएस १९५४ मध्ये दिल्लीत सुरू झाली. पेन्शनरने शेवटच्या वेतनस्तरानुसार महिना २५० ते १,००० रुपये वर्गणी भरायची, किंवा दहा वर्षांची रक्कम एकदम भरून आजन्म कार्ड घ्यायचं. म्हणजे ३०,००० ते १,२०,००० रुपये, एकदाच. बदल्यात दवाखान्यातली रोजची तपासणी, महिन्याची औषधं, आयुर्वेद-होमिओपॅथी आणि संलग्न रुग्णालयांत दाखल होणं. सत्तरी ओलांडलेल्यांना तज्ज्ञाकडे थेट जाता येतं, आधी डिस्पेन्सरीची चिठ्ठी लागत नाही. वय वंदनात ओपीडी नाही आणि पाच लाखांची मर्यादा आहे. घाई करू नका म्हणाले ते यासाठी.

सीजीएचएस नसलेल्या गावात राहणाऱ्या केंद्रीय पेन्शनरला महिना १,००० रुपये निश्चित वैद्यकीय भत्ता मिळतो. रेल्वेच्या निवृत्तांसाठी १९९७ ची वेगळी आरोग्य योजना आहे, त्यात शेवटच्या मूळ वेतनाएवढी रक्कम एकदाच भरून रेल्वेच्या रुग्णालयांचं दार उघडतं. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावाला त्याची किंमत सांगायला नको.

राज्य सरकारच्या निवृत्तांसाठी विम्याची गट योजना आहे, तिचा हप्ता स्वतः भरावा लागतो.

अपशिंगे आणि सैनिक टाकळीचे आजोबा

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावापुढे मिलिटरी लागतं. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जवान कामी आले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या सैनिक टाकळीचं नावच सगळं सांगतं. अशा गावांतल्या निवृत्त सैनिकांसाठी १ एप्रिल २००३ पासून ईसीएचएस आहे. तिची वर्गणी आयुष्यात एकदाच, हुद्द्यानुसार: हवालदारापर्यंत ३०,००० रुपये, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर ६७,०००, अधिकाऱ्यांना १,२०,०००. १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना आणि वीरपत्नींना तीही माफ. वैद्यकीय तपासणी नाही, वयाची अट नाही, खर्चाला वरची मर्यादा नाही. ज्येष्ठांसाठी देशात याहून उदार सरकारी योजना मला दिसलेली नाही, आणि ती तशी असायलाच हवी.

गोव्याचं गणित वेगळं

गोव्यात २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. पाच वर्षं राज्यात राहिलेल्या कुटुंबाला उत्पन्नाची अट न घालता तिने सामावून घेतलं. तीन माणसांपर्यंतच्या घराला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख, आणि वर्गणी वर्षाला दोनशे-तीनशे रुपये. सगळ्यांना एकाच योजनेत घेण्याची जी उडी महाराष्ट्राने २०२४ मध्ये मारली, ती छोट्या गोव्याने आठ वर्षं आधी मारली होती.

पंख्याखाली बसून अमेरिकेचं

अमेरिकेतला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा म्हणजे मेडिकेअर. अध्यक्ष जॉन्सन यांनी ३० जुलै १९६५ रोजी मिझुरीतल्या इंडिपेंडन्स या गावी जाऊन कायद्यावर सही केली, कारण तिथे माजी अध्यक्ष ट्रुमन राहत होते. पहिलं कार्ड एक्याऐंशी वर्षांच्या ट्रुमन यांना मिळालं आणि दुसरं त्यांच्या पत्नी बेस यांना.

हे इथे सांगायचं कारण न्यू जर्सीतला मुलगा. ‘आई-बाबा इकडे आले की मेडिकेअर मिळेल’ ही समजूत चुकीची आहे. पर्यटक व्हिसावर गेलेल्यांना ते मिळत नाही, त्यांनी प्रवासी आरोग्य विमा घेऊनच निघावं. ग्रीन कार्ड मिळालं तरी, तिथे काम केलेलं नसेल तर, सलग पाच वर्षं राहिल्यावरच पासष्टीपुढच्या माणसाला हप्ता भरून त्यात शिरता येतं.

सत्तरीला एक दार मिटतं

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा देते. ती अठरा ते सत्तर वयासाठी आहे. ज्या वाढदिवसाला ती थांबते, त्याच वाढदिवसाला वय वंदनाचं दार उघडतं. बँकेतून वीस रुपये कापले जायचे थांबले, तर समजा कार्ड काढायची वेळ झाली.

आणि ज्यांना यातलं काहीच जमलं नाही

त्यांच्यासाठी विमा नसलेलं एक दार आहे, आणि ते फार कमी लोक ठोठावतात. महाराष्ट्रात धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांना, कितीही चकचकीत असली तरी, दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं ४१ अअ हे कलम आणि मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेली योजना, यांचा त्यामागे आधार आहे. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर उपचार मोफत, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर निम्म्या दरात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका जवळ हवी. तातडीच्या प्रसंगी अनामत रकमेसाठी अडवून न ठेवता जीव वाचवणारे उपचार सुरू करणं रुग्णालयावर बंधनकारक आहे. नकार मिळाला तर तक्रार धर्मादाय आयुक्तांकडे करायची, लेखी आणि त्याच दिवशी.

खासगी पॉलिसीच घ्यायची असेल तर तीन बदल लक्षात असू द्या. एप्रिल २०२४ पासून नवी पॉलिसी घ्यायची पासष्टीची मर्यादा गेली. जानेवारी २०२५ पासून ज्येष्ठांचा हप्ता वर्षात दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी विमा नियामकाशी सल्लामसलत करावी लागते. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. ज्यांनी करभारामुळे पॉलिसी सोडली होती, त्यांनी एजंटाकडून नवा आकडा मागून घ्यावा.

येत्या रविवारी आई-वडिलांजवळ तासभर बसा. त्यांच्या आधारवरची तारीख आणि मोबाइल नंबर, शिधापत्रिकेवरची नावं, पेन्शनच्या आदेशावर लिहिलेली योजना, एवढं पाहा आणि सत्तरी झाली असेल तर तिथेच ॲप उघडून कार्ड काढा. आयुष्मानची माहिती १४५५५ वर मिळते, महात्मा फुले योजनेची १५५३८८ वर. हे दोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ लावा. कार्ड पूर्ण मोफत आहे. त्यासाठी कुणी पैसे मागितले किंवा फोनवर ओटीपी विचारला, तर देऊ नका.